पुणे ते पिओरिया: तीन विमानं, दोन सांधे आणि साडेपस्तीस तास

लेकीचं बाळंतपण, मग नातवाचा पहिला वाढदिवस, मग सहजच, अशा निमित्तांनी चार खेपा मी पुण्याहून अमेरिकेला केल्या. दोन ह्यांच्याबरोबर, दोन एकटीने. जावई इलिनॉय राज्यातल्या पिओरियाला असतो. अवजड यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीचं हे जुनं गाव, त्यामुळे पुण्यातल्या इंजिनिअर मंडळींना नाव ठाऊक असतं. पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते शिकागो, शिकागो ते पिओरिया असे तीन टप्पे करावे लागतात. आता ओळखीतलं कुणी पहिल्यांदा निघालं की फोन मला येतो. तेच तेच सांगून झाल्यावर म्हटलं, लिहूनच काढावं.

आधी एक हिशेब पाहा. उन्हाळ्यातलं नमुन्याचं वेळापत्रक घेऊ. १४ तारखेला संध्याकाळी पाचला कोथरूडहून निघालात. मुंबईचं विमान १५ तारखेच्या पहाटे १:४५ चं. फ्रँकफर्टला तिथल्या सकाळी ७:१५ ला उतरलात, १०:३० ला पुढचं विमान, शिकागोला तिथल्या दुपारी १ ला. शिकागोहून ५ ला निघून संध्याकाळी ६ ला पिओरिया. तेव्हा पुण्यात १६ तारखेची पहाट, साडेचार वाजलेले असतात. म्हणजे एकूण साडेपस्तीस तास. त्यातले हवेत किती? साडेएकोणीस. उरलेले सोळा तास तुम्ही जमिनीवरच असता: गाडीत, रांगेत, सरकत्या पट्ट्यावर, बाकावर.

सगळे जण विमानात कसं बसवेल याची काळजी करतात. विमानात बसायचंच तर असतं, ते जमतं. गाडी घसरते ती सांध्यावर. रेल्वेत सांधा बदलताना जसा खडखडाट होतो, तसा इथे विमान बदलताना होतो. म्हणून या लेखात हवेतल्या तासांपेक्षा सांध्यांवर जास्त लिहिलं आहे.

तिकीट काढतानाच निम्मं काम होतं

तिकीट मुलं काढतात, पण काढण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा.

पहिली, तिन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का? वेगवेगळी तिकिटं काढली तर कधी कधी दहा-पंधरा हजार वाचतात. पण मग पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही सोयरसुतक नसतं, नवं तिकीट तुमच्या खर्चाने. एकाच पीएनआरवर असलात तर पुढच्या विमानात बसवून देणं ही त्यांची जबाबदारी. वय साठीपुढे असेल तर मी तरी या बाबतीत पैसे वाचवणार नाही.

दुसरी, दोन विमानांमध्ये वेळ किती? संगणक सव्वा तासाचं कनेक्शनही बिनदिक्कत विकतो, कारण कागदावर ते बसतं. फ्रँकफर्टला मी अडीच तासांपेक्षा कमी घेत नाही आणि शिकागोला तीनपेक्षा कमी तर अजिबात नाही. का, ते पुढे येईल. सहा-सात तासांचा थांबाही नको, तिथे माणूस बाकावर झोपतो आणि विमान निघून जातं.

तिसरी, युरोपात एकच विमानतळ लागतो ना? मुंबई–म्युनिक–फ्रँकफर्ट–शिकागो अशी तिकिटं स्वस्तात दिसतात. पण म्युनिक ते फ्रँकफर्ट हा शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, आतला प्रवास धरतात. त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो, नुसत्या अमेरिकन व्हिसावर भागत नाही. मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. लंडनमध्ये हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान, असलंही काही स्वीकारू नका. ट्रान्झिटचे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट पक्कं करण्याआधी त्या त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

नावाचं एक आपलं खास मराठी दुखणं आहे. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लागतं, आणि ते पासपोर्टवर कधी पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, कधी नसतंच. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं, असं झालं तर काउंटरवर लग्नाचा दाखला दाखवून उपयोग होत नाही.

तिकीट झालं की लगेच जेवण सांगून ठेवा, आणि प्रत्येक लांब टप्प्यासाठी वेगळं. शाकाहारी म्हणून सांगताना कोड पाहा. एव्हीएमएल म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी, डाळ-भाजी-भाताचं. व्हीजेएमएल म्हणजे जैन. व्हीजीएमएल निवडलंत तर दूध-तूपही नसलेलं, उकडलेल्या भाज्यांचं ताट येतं. पहिल्या खेपेला मी तेच निवडलं होतं. नऊ तास ब्रोकोलीकडे बघत काढले. जागा घेताना आतल्या वाटेच्या कडेची घ्या, खिडकीचा मोह सोडा. रात्री तीनदा उठताना दोन अनोळखी माणसांच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही.

व्हीलचेअर घ्यावी का?

याबद्दल लोक लाजतात तरी किंवा सर्रास मागतात तरी. माझं मत असं: गुडघे दुखत असतील, दम लागत असेल, इंग्रजीची धास्ती असेल, तर खुशाल घ्या, पैसे पडत नाहीत. निघण्याच्या निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा आणि तिन्ही टप्प्यांवर नोंद झाली का ते विचारा. पण पर्वती न थांबता चढणाऱ्या माणसाने केवळ रांग चुकवायला ती घेऊ नये. एक तर खरी गरज असलेला ताटकळतो, शिवाय दर वेळी ती लवकर नेते असंही नाही. तुम्हाला एका कोपऱ्यात नेऊन थांबवतात आणि चार खुर्च्या जमल्या की मगच पुढे.

व्हीलचेअर घेतलीत तर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास ढकलणाऱ्याच्या हाती देऊन विसरू नका. तो दाखवेल, पण लगेच परत घ्या. बसण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. कोपऱ्यात सोडून तो गेला आणि विमानाला तासच उरला असेल तर गप्प बसू नका, येणाऱ्या-जाणाऱ्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवा. अमेरिकेत ढकलणाऱ्याला पाचेक डॉलर द्यायची पद्धत आहे. सुट्ट्या नोटा त्यासाठी वरच्या खिशात ठेवा.

काय कुठे भरायचं

अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. मात्र अगदी स्वस्त भाड्यात एकच असते, तेव्हा तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. दोन बॅगा मिळून ४६ किलो, असा हिशेब करू नका. एक २६ आणि एक २० झाली तर काउंटरसमोर फरशीवर बसून लाडवांचे डबे इकडून तिकडे करावे लागतात. हुकाचा छोटा वजनकाटा घरी घ्या आणि बॅग साडेबावीसवर थांबवा.

आपण बॅगेत काय कोंबतो हे मला ठाऊक आहे, म्हणून नावं घेऊनच सांगते. चिवडा, चकली, बाकरवडी, लाडू, मेतकूट, भाजणी यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. लोणचं आणि तूप मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या बरणीत, वर दोन पिशव्या. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत पातळ किंवा लिबलिबीत काही चालत नाही, श्रीखंडसुद्धा नाही. आंबे नाहीत, कोणतीच ताजी फळं नाहीत. कढीपत्ता नाही, तो लिंबाच्या कुळातला असल्यामुळे तिथल्या बागांना रोग लागायची भीती असते. आंबेमोहोर नाही. धान्यातल्या खापरा किड्याच्या भीतीने आपल्याकडचा तांदूळ सामानातून न्यायला अमेरिकेत बंदी आहे. शिकागोच्या देवॉन अव्हेन्यूवर आपल्या किराण्याची दुकानं रांगेने आहेत, तांदूळ तिथे मिळतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच काढून घेतात. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून.

आणि खसखस. तुमचा मार्ग फ्रँकफर्टऐवजी दुबई किंवा अबू धाबीचा असेल तर हे नीट वाचा. खसखस अफूच्या झाडाची, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. अनारशांवरची खसखस किंवा घरच्या मसाल्यातली खसखस तिथून नेऊच नका. माणसं तुरुंगात गेली आहेत.

हातातल्या बॅगेत काय? सगळी औषधं, झाडून सगळी. पहिल्या खेपेला रक्तदाबाच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत ठेवल्या आणि ती बॅग दोन दिवस उशिरा आली. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, डब्यात सुट्या काढू नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण आपल्या ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. आपलं पॅरासिटामॉलसुद्धा तिथे ॲसिटामिनोफेन होतं. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत नको, खाली सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. काही कंपन्या आता विमानात ती वापरू देत नाहीत, तेव्हा फोन आधीच भरून घ्या. शिवाय एक कपड्यांचा जोड, चष्म्याची दुसरी जोडी, शाल.

या सगळ्याहून वेगळी एक छोटी, गळ्यात अडकवायची पिशवी असू द्या. तिच्यात पासपोर्ट, बोर्डिंग पास, परतीच्या तिकिटाची प्रत, थोडे डॉलर, पेन आणि एक कागद. हा कागद म्हणजे माझ्या मते या प्रवासातली सर्वांत मोलाची वस्तू. त्यावर मोठ्या अक्षरात तिन्ही विमानांचे क्रमांक, तिथल्या तिथल्या स्थानिक वेळा, लेकीचा पूर्ण पत्ता, तिचा आणि जावयाचा फोन आणि तुमच्या आजारांची नावं. फोनची बॅटरी संपली तरी कागद चालतो.

तारखेचा घोळ

आमच्या सोसायटीतले एक काका १५ तारखेला दिवसभर निरोप घेत फिरले, रात्री साडेदहाला मुंबईत पोचले. विमान १५ तारखेच्या पहाटे पावणेदोनचं होतं, ते जवळजवळ एकवीस तासांपूर्वीच गेलं होतं. माणूस शिकलेला, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि आपल्या मनात दिवस झोपून उठल्यावर बदलतो, घड्याळात मात्र बाराला. म्हणून कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहूच नका. घरून निघायची तारीख आणि वेळ लिहा: ‘१४, संध्याकाळी ५’.

पाच का? पावणेदोनच्या तीन तास आधी, म्हणजे पावणेअकराला, टर्मिनल २ ला पोचायचं. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, चार तास धरा. उरलेला पावणेदोन तास खंडाळ्याच्या घाटाचा. शुक्रवार असेल किंवा जुलैचा पाऊस असेल तर आणखी एक तास वाढवा. लवकर पोचलात तर आत बसून डबा खा. आदल्या दिवशी वेब चेक-इन करून ठेवा, पण त्याने काउंटर टळत नाही. बॅगा द्यायला जावंच लागतं आणि व्हिसाही तिथे पाहतात.

मुंबईच्या काउंटरवर तीन प्रश्न

दारावर पासपोर्ट आणि तिकीट दाखवून आत गेलात की काउंटरवर बॅगा द्या आणि न लाजता तीन गोष्टी विचारा. बॅगेच्या पट्टीवर शेवटचं नाव कोणतं? तिथे पिओरियाचा कोड पी-आय-ए दिसला पाहिजे. बॅगा मला शिकागोला उचलाव्या लागतील ना? आणि तिन्ही बोर्डिंग पास दिलेत का? तिसरा मिळाला नसेल तर शिकागोला कुठे घ्यायचा ते विचारून ठेवा. बॅगेच्या पट्टीची पावती पासपोर्टच्या मागे चिकटवून देतात, ती जपा आणि बॅगांचा फोटो काढून ठेवा. काळी बॅग हरवली असं सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, मग गेट. मुंबईचं मोफत वायफाय भारतीय फोनवर ओटीपी पाठवतं. परदेशात पोचल्यावर बँकेचा ओटीपीही याच सिमवर येणार, तेव्हा रोमिंग घरूनच सुरू करून घ्या.

पहिलं विमान

एक गंमत सांगते. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तसा ठेवतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे जेवणाचं ताट समोर घेऊन तुम्ही कळसूबाईपेक्षाही वर बसलेले असता, आणि हवा तिथल्यापेक्षा कितीतरी कोरडी. पोट फुगतं, पाय सुजतात, घसा सुकतो ते त्यामुळे. बूट सैल घाला आणि विमानात काढलेत तरी उतरण्याच्या अर्धा तास आधी चढवून ठेवा, नंतर चढत नाहीत.

मुंबईहून सुटल्यावर तासाभराने, रात्री अडीच-तीनला, जेवण येतं. मी ते घेत नाही. घरच्या दोन धपाट्यांवर भागवते आणि झोपते. फ्रँकफर्टला सकाळ आहे, झोपायला ही एकच रात्र मिळणार. झोपेची गोळी पहिल्यांदाच विमानात घेऊन पाहायची नाही.

पहिला सांधा: फ्रँकफर्ट

उतरल्यावर पहिली चूक अशी होते की सगळे जातात तिकडे आपण जातो. त्यातल्या निम्म्यांचं घर जर्मनीत असतं. ‘आउसगांग’ म्हणजे बाहेर जायचं दार आणि सुटकेसचं चित्र म्हणजे सामानाचा पट्टा, दोन्ही तुमच्यासाठी नाहीत. बॅगा आपोआप पुढे जातात. कनेक्टिंग फ्लाइट्सच्या पाट्या पाहा आणि मोठ्या पडद्यावर तुमच्या विमानाचा क्रमांक शोधा. ‘शिकागो’ शोधू नका, दिवसात शिकागोची अनेक विमानं असतात. समोर गेटचं अक्षर आणि आकडा दिसेल, बी ४४ किंवा झेड ५८ अशा धर्तीचा. मुंबईत छापलेल्या पासवरचं गेट बदललेलं असू शकतं, पडद्यावरचं खरं.

गेट लांब असतं. वीस-पंचवीस मिनिटं चालणं सहज होतं, मधे लिफ्ट, जिने आणि पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी. पाण्याची बाटली तिथे ओतून टाका आणि पलीकडे भरून घ्या. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली पावतीसकट बंद पिशवीतच असू द्या, फोडली की गेली.

आधी गेट डोळ्यांनी पाहून घ्या, चहा-कॉफी त्यानंतर. अमेरिकेच्या विमानांना गेटपाशी कागदपत्रं पुन्हा तपासतात, कधी चार प्रश्नही विचारतात: बॅग कुणी भरली, कुणी काही दिलंय का. पासवर चार वेळा ‘एस’ छापलेला असेल तर घाबरू नका, जास्तीच्या तपासणीसाठी तुमचं नाव निघालंय इतकंच. त्यात वेळ जातो, म्हणून गेटपाशी तासभर आधी बसा. माझ्या नावावर एकदा आला होता. चिवड्याची पुडी उघडून हुंगून परत दिली.

दुसरं विमान

यात बाहेर दिवसच असतो, झोप नीट लागत नाही आणि लागायला नकोही. घड्याळ शिकागोच्या वेळेला लावून टाका. दर तास-दीड तासाने उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून या, बसल्या बसल्या घोटे फिरवा. तासन् तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. पूर्वी तसं झालं असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर दाबाच्या मोज्यांबद्दल आधीच डॉक्टरांना विचारा. पाणी पीत राहा. सारखं उठावं लागतं म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, तसं करू नका. कडेची जागा त्यासाठीच घेतली आहे.

उतरण्याआधी जेवणाबरोबर आलेलं केळं किंवा सफरचंद पर्समध्ये टाकायची आपली सवय असते. ते विमानातच खा किंवा सोडा. खाली ते न सांगितलेलं फळ ठरतं.

दुसरा सांधा: शिकागो ओहेअर

इथे सगळ्यांची गल्लत होते, तेव्हा सावकाश वाचा. अमेरिकेत ज्या विमानतळावर तुमचं पहिलं पाऊल पडतं, तिथेच इमिग्रेशन होतं, आणि तिथेच बॅगा स्वतः उचलून कस्टममधून न्याव्या लागतात. बॅगेवर पिओरिया लिहिलेलं असलं तरीही. बॅगा पुढे गेल्या असतील असं समजून निघून गेलात तर त्या टर्मिनल ५ च्या पट्ट्यावर फिरत बसतात आणि तुम्ही रिकाम्या हातांनी लेकीच्या दारात. (अबू धाबीमार्गे गेलात तर उलट असतं. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच उरकतं आणि शिकागोला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. तेव्हा जास्तीची वेळ अबू धाबीला ठेवायची. आणि हो, तिथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, मेसेज जातो.)

आता क्रम. टर्मिनल ५ ला उतरलात की व्हिजिटर्सच्या रांगेत उभे राहा. रांग अर्ध्या तासाचीही असते, दोन तासांचीही. नवरा-बायको एकत्र खिडकीपाशी जाऊ शकतात. अधिकारी फोटो आणि बोटांचे ठसे घेतो, विचारतो: कशासाठी आलात, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. खरं आणि थोडक्यात सांगा. ‘लेकीला भेटायला, पाच महिने, परतीचं तिकीट आहे’ इतकं पुरतं. नातवाचं सगळं मीच करणार वगैरे कौतुक तिथे नको, कामाला आलात की काय अशी शंका येते. प्रश्न कळला नाही तर मान डोलवू नका, पुन्हा विचारायला सांगा किंवा हिंदी दुभाषा मागा. राहायची मुदत किती दिली हे पुढे आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसतं, लेकीकडून ती पाहून घ्या.

मग खाली सामानाच्या पट्ट्यावर. ट्रॉली घ्या, बॅगा मोजा. कस्टमला खाण्याचं काही आहे का विचारलं तर ‘हो’ म्हणा आणि काय ते सांगा. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती टाकून देतात आणि विषय संपतो. लपवलेली सापडली तर दंड. बीगल जातीची छोटी कुत्री बॅगांभोवती हुंगत फिरत असतात, त्यांच्यापुढे कढीपत्ता लपत नाही.

कस्टमच्या दारातून बाहेर पडल्याबरोबर पुढच्या विमानांच्या बॅगा परत द्यायची जागा असते. पट्टीवर पी-आय-ए आहे हे दाखवून बॅगा तिथे सोपवा. देण्याआधी एक काम करा: ड्यूटी फ्रीची बाटली किंवा हातातलं कुठलंही पातळ सामान इथे मोठ्या बॅगेत सरकवा, कारण पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी आहे. या बॅगेला कुलूप लावायचं तर अमेरिकन सुरक्षा यंत्रणेला चालणारं टीएसए कुलूप लावलेलं असू द्या, साधं असलं तर तपासायला तोडतात.

आता टर्मिनल ५ सोडायचं. पाट्यांवर ‘एटीएस’ दिसेल, ही विमानतळाची स्वतःची, बिनड्रायव्हरची, मोफत गाडी. ती टर्मिनल १, २, ३ ला नेते. पिओरियाचं विमान कुठल्या टर्मिनलचं ते पडद्यावर पाहून उतरा. मग टीएसएची तपासणी. २०२५ च्या जुलैपासून तिथे सगळ्यांना बूट काढायला लावत नाहीत, गुडघेदुखीवाल्यांना मोठाच दिलासा. बांगड्या, मंगळसूत्राने यंत्र वाजलं तर बाजूला घेऊन हाताने तपासतात, बाईला बाईच तपासते.

रांगा, पट्टा, गाडी, तपासणी मिळून अडीच तास कधी गेले कळत नाही. शिकागोला तीन तासांचा हट्ट धरते तो यासाठी.

आणि तरी चुकलंच तर

विमान चुकलं तर विमानतळाबाहेर पडू नका. कंपनीच्या काउंटरवर जा, पीएनआर दाखवा आणि ‘मिस्ड कनेक्शन’ हे दोन शब्द बोला. रांग मोठी असेल तर त्याच वेळी लेकीला कंपनीला फोन करायला सांगा, पुष्कळदा फोनवर लवकर जमतं. पिओरियाला दिवसाला मोजकीच विमानं असतात. शेवटचं चुकलं तर हॉटेल मिळेल का ते स्पष्ट विचारा. शिकागो ते पिओरिया गाडीने तीन तास लागतात, त्यामुळे जावई न्यायला येऊ शकतो. पण त्याआधी काउंटरवर सांगून बॅगा कुठे आहेत ते ठरवून घ्या, आणि शेवटचा टप्पा सोडताय म्हणून परतीचं तिकीट रद्द होणार नाही याचीही खात्री करा.

बॅग आली नाही तर पीआयआर नावाची तक्रार विमानतळावरच नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. घरी जाऊन फोन करू, असं म्हणू नका. मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या, औषधांच्या पावत्या ठेवा. मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीचा दावा बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराचा २१ दिवसांत लेखी करावा लागतो.

शेवटचा तास

शिकागोहून निघणारं विमान आपल्या शिवनेरी बसपेक्षा फार मोठं वाटत नाही. हातातली बॅग वरच्या कप्प्यात मावली नाही तर ती दाराशीच मागून घेतात आणि उतरल्यावर तिथेच देतात. देण्याआधी त्यातली औषधं आणि पॉवर बँक काढून घ्या. खायला मिळालीच तर एखादी पुडी, तेव्हा शेवटचं धपाटं यासाठी ठेवलेलं बरं.

पिओरियाचा विमानतळ छोटा आहे, पट्ट्यापाशी लेक उभीच असते. घरी गेल्यावर लगेच आडवं व्हायचा मोह होतो. कसंही करून नऊपर्यंत जागे राहा. वरण-भात खा, अंगणात चक्कर मारा. तरी पहाटे तीनला टक्क जाग येणारच, तिथल्या उन्हाळ्यात आपण साडेदहा तास पुढे असतो. तेव्हा उठून बॅगा उपसायला हरकत नाही. उपसताना कडीला लावलेली पट्टी आणि बॅगेला चिकटवलेले बारकोडचे छोटे तुकडे तेवढे आठवणीने सोलून टाका. परतीच्या दिवशी ते राहिले असले तर यंत्र जुना कोड वाचतं आणि बॅग मुंबईऐवजी पुन्हा पिओरियाला निघते.